वहीत नसलेले डायलॉग

माझ्या भावाची पोरगी सायली लातूरला शिकते आणि मोबाइलवर पिक्चर काढते. पिक्चर केवढा, तर मेथीची एक जुडी निवडून होईस्तोवर संपणारा. दिवाळीला आली तेव्हा तिनं मला एक दाखवला. खोलीत एक पोरगी एकटी राहते आणि कोपऱ्यात कोणीतरी उभं असतं. पोरगी जेवते, ते उभं. पोरगी अभ्यास करते, ते उभं. शेवटी ते तिच्या अंथरुणावर येऊन बसतं आणि पिक्चर संपतो. मी म्हटलं, ‘अगं, हे भूत काही करतच न्हाई की.’ तर मला समजावून सांगायला लागली, ‘आत्या, ते भूत नाही, डिप्रेशन आहे. आता हॉरर असेच काढतात. परदेशात तर ढिगानं.’ आता म्हणे. मी तिला म्हटलं, बाई, तू जन्मायच्या आधी तुझ्या बापानं आणि मी असला पिक्चर काढून बसलोय. तिला वाटलं मी थट्टा करते. बापाला विचारायला गेली, तर तो चहाचा कप घेऊन अंगणात निघून गेला. त्याला अजूनही त्या विषयावर बोलवत नाही. तेव्हा मलाच लिहिणं भाग आहे.

आमच्या घरात भूत नव्हतं. गावात बाकी सगळ्यांकडं होतं. कोणाच्या चिंचेवर, कोणाच्या पडक्या गोठ्यात, कोणाच्या सुनेच्या अंगात, पण ज्याचं त्याचं होतं. आमचं गाव नांदूरघाटापासून चालत तासाभराच्या वाटेवर, आणि आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गावच्याच शाळेत गुरुजी. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव ओढ्यात सोडले, आणि देवांच्या पाठोपाठ भुतंही गेली, असं अण्णांचं म्हणणं. भिंतीवर बुद्धाच्या फोटोखाली बावीस प्रतिज्ञा काचेच्या चौकटीत लावलेल्या होत्या. अण्णा नुसतं बोलून थांबणारे नव्हते. तिठ्यावर कोणी उतारा टाकलेला दिसला, की त्यातलं लिंबू उचलून घरी आणायचे आणि मायला सरबत करायला लावायचे. नारळ असला तर नारळाची चटणी. माय ते लिंबू तीनदा धुवायची आणि पहिला घोट अण्णांच्या नकळत स्वतः घ्यायची. काही व्हायचंच असेल तर लेकरांच्या आधी आपल्याला होऊ दे, म्हणून. शेजारच्या हौसाकाकू धनगराच्या, शेरडं राखायच्या. त्या कुंपणावरून हे सगळं बघायच्या आणि म्हणायच्या, ‘गुरुजी, एक दिवस तुमाला घावंल बगा.’ अण्णा पेला वर करायचे, ‘घ्या, तुमी बी घ्या घोटभर.’ गावात आमच्याएवढं सरबत कुठल्याच पोरांनी प्यायलं नसेल.

मायचं नाव कौसल्या. दिवस कलला की गल्लीत घरोघर भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि त्यातला आमच्या घरचा मला डोळे मिटून ओळखू यायचा, कारण माय भाकरी थापता थापता बोलायची आणि बोलण्याच्या नादात तिचा हात मध्येच थांबायचा. थाप थाप थाप, मग सगळं शांत, मग ‘आगं, काय सांगू तुला’, मग परत थाप थाप. तव्यावरची भाकरी करपायची ती या ‘काय सांगू तुला’पायी. तिच्या येसराच्या आमटीचा वास हौसाकाकूंच्या शेरडांच्या कळपापर्यंत जायचा, आणि काकू वाटी घेऊन यायच्या. कारळाची चटणी ती पाट्यावर वाटायची आणि ताटात वाढल्यावर वर कच्च्या तेलाची धार सोडायची. मला आता डॉक्टरनं तेल बंद केलंय. डॉक्टरला काय कळतंय.

हे कधी थांबलं ते मला सांगता यायचं नाही. एकदम थांबलं असतं तर कळलं असतं. आधी आमटी अळणी व्हायला लागली. मग भाकरी थापताना बोलणं बंद झालं, आवाज नुसता एकसारखा येऊ लागला. मग एक दिवस मी कॉलेजातून आले तर चूल थंड आणि माय बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली. अकरावीत होते मी. काय झालं विचारलं तर ‘काई न्हाई’. आणि खरंच काही झालं नव्हतं. कोणी मेलं नव्हतं, कोणी तिला टाकून बोललं नव्हतं. लोकांना कारण लागतं. मलाही तेव्हा लागत होतं. केजच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, रक्तात काही नाही म्हणाला आणि टॉनिकची बाटली दिली. हौसाकाकूंनी मला कुंपणाशी बोलावून हळूच सांगितलं, ‘विशे, तुज्या मायला बाहेरचं हाय. धारूरकडं एक जण हाय, नुसतं इचारून इचारून सोडवतो. नेऊ का?’ मी ते अण्णांच्या कानावर घातलं. ते पाय धूत होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, ‘आपल्या घरात बाहेरचं नसतं.’

बाहेरचं नाही, रक्तातलं नाही, मग आहे काय? तर मनाचे खेळ, चार दिवसांत जातील. अण्णांचा मला पुढं कितीतरी वर्षं राग होता. आता नाही. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या उताऱ्याची लिंबं पिळली, त्याच्याच घरात बाई भिंतीकडं तोंड करून पडते, हे गावाला कळलं असतं तर गावानं काय म्हटलं असतं ते मलाही माहीत होतं. म्हणून आम्हाला ताकीद होती, कोणी विचारलं तर सांगायचं, मायला कणकण आहे. ती कणकण सात महिने चालली. भाकऱ्या मी करू लागले. माझा थोरला भाऊ मिलिंददादा भाकरी हातात घेऊन उलटीसुलटी करायचा आणि विचारायचा, ‘विशे, ही खायची का हिच्यावर बसायचं?’ पूर्वी असल्या बोलण्यावर माय पदर तोंडात धरून हसायची. आता ती ऐकायचीसुद्धा नाही.

दादा लग्नाच्या शूटिंगला जायचा. कॅमेरा केजच्या एका स्टुडिओवाल्याचा, पेटीएवढा, खांद्यावर घ्यायचा, आत चपटी मोठी कॅसेट. हळदीपासून पाठवणीपर्यंत दादा तो वागवायचा आणि मग कॅसेट अंबाजोगाईला मिक्सिंगला न्यायची. तिथं त्यात सनई भरायची, नवरीच्या तोंडाभोवती गुलाबाच्या पाकळ्या उडवायच्या. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली तेव्हा पोरांच्या मनात आलं की यंदा भाषणांबरोबर आपण स्वतः काढलेला पिक्चर दाखवायचा, भूत नसतं हे सिद्ध करणारा. अण्णा समितीचे अध्यक्ष. त्यांना कल्पना एवढी आवडली की त्यांनी मला कोरी दोनशे पानी वही दिली. गोष्ट मी लिहिली. एका बाईला भूत लागतं, मांत्रिक येतो, शेवटी शाळेचे गुरुजी मांत्रिकाचं बिंग फोडतात. दहा पानं नुसते डायलॉग. ‘मी हिला सोडणार नाही, हिचं रक्त पिणार’, आणि पुढं कंसात ‘विकट हास्य’. मला वाटत होतं, असं काही आजवर कोणी लिहिलंच नसेल.

अडलं ते बाईवर. लग्नाच्या कॅसेटमध्ये पोरगी दिसणं चांगलं, कारण ती कॅसेट पाहून चार स्थळं येतात. पण केस सोडून घुमणारी पोरगी कॅसेटमध्ये एकदा भरली गेली, की तिला कोण करून घेणार? एकाही घरानं पोरगी दिली नाही. मला अण्णांनी आधीच तंबी दिली होती. मग दादानं स्वतः लुगडं नेसून बघितलं. मिशी काढायला तयार नव्हता, म्हणाला पदर तोंडावर घेतो. त्याला तसा बघून मी ओसरीवर हसून लोळले, आणि हसता हसता ऐकलं की आतून कोणीतरी बोलतंय. माय बाजेवर उठून बसली होती. ‘मी बसते,’ म्हणाली. कित्येक आठवड्यांत तिनं स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं. दादा लुगड्यातच तसाच उभा राहिला. ती म्हणाली, ‘मला वरडता यायचं न्हाई. मी नुस्ती बसते. चालंल का?’

शूटिंग भर दुपारी केलं. भुताचा पिक्चर दुपारी, याचं कारण असं की हॅलोजनला लाईट लागायची आणि आमच्याकडं लाईट दुपारीच असायची. ज्वारीची पोती ठेवायच्या खोलीत खिडकीला वाकळ बांधून अंधार केला. पोत्याला टेकून माय बसली. केस सोडायची गरज नव्हती, ते सुटलेलेच होते. दादानं एक डोळा मिटून दुसरा कॅमेऱ्याला लावला. मी हॅलोजन धरला आणि मांत्रिकाचा आवाजही मीच काढणार होते, घसा खरवडून. भूत लागलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. आमच्या घरात कोणी ते कधी विचारले नव्हते, पण गावात वाढलेल्या पोरीला ते पाठ असतात. मी विचारलं, ‘कोण हाईस तू?’

माझ्या वहीप्रमाणं इथं विकट हास्य होतं. माय म्हणाली, ‘मला बी कळंना.’

‘कुठून आलीस?’

‘कुठून न्हाई. हितंच हाय. लई दिस झाले. तुमी बोलता ते ऐकू येतं, पर लांबून, भिंतीच्या पल्याड कोणी बोलावं तसं.’ मग आपणहून, ‘सकाळ झाली की रडू येतं. परत आली म्हणून. लेकरू भाकर करतं, हात भाजून घेतं, मला दिसतं. उठावं वाटतं, उठणं होत न्हाई.’

मी वहीतला पुढचा प्रश्न विचारला. ‘काय पायजे तुला?’

‘काई नको. हिरीवर गेलते दोनदा. काठावर बसले आन् माघारी आले. तिसऱ्यांदा माघारी येईन का न्हाई, म्हाईत न्हाई.’

‘लई भारी, माय. कट,’ दादा म्हणाला. आणि मी काय केलं, तर चिडले. माझी दहा पानं गेली होती, विकट हास्य गेलं होतं. मी हॅलोजन आपटून बाहेर आले आणि दादाला म्हणाले, मायनं सगळे डायलॉग बदलले, गोष्टच बिघडली. तुम्ही विचाराल, तुम्हाला कळलं कसं नाही? मी स्वतःला हे इतक्यांदा विचारलंय की आता लाज वाटायचीही थांबली. एवढंच सांगते, पिक्चरमधलं बोलणं खोटं असतं हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आणि सात महिन्यांनी माय एवढी वाक्यं बोलली, याचाच दादाला आनंद झाला होता.

अंबाजोगाईच्या मिक्सिंगवाल्यानं कॅसेट बघितली आणि दादाला म्हणाला, ‘बे मिल्या, ही बाई कोण हाय? लई डेंजर काम करती.’ मिक्सिंग मात्र त्यानं हाताच्या सवयीनं केलं. पिक्चर सुरू झाला तो सनईनं. मांत्रिक झालेला पोरगा आला तेव्हा पडदा पत्त्यांतल्यासारख्या दोन लाल बदामांतून उघडला. जयंतीच्या संध्याकाळी विहारापुढं टेबलावर टीव्ही ठेवलेला, भाड्याचा व्हीसीआर, समोर सगळं गाव, कुंपणाच्या कडेला हौसाकाकूही त्यांच्या सुनांना घेऊन. लोक बदामांवर खदखदून हसत होते. मग माय आली, आणि तिच्या तोंडाभोवती गुलाबाच्या पाकळ्या उडायला लागल्या. पोरं अजून हसत होती. ‘सकाळ झाली की रडू येतं’ इथपर्यंत बाया गप्प झाल्या. विहिरीचं आलं तेव्हा पाकळ्या अजून उडतच होत्या आणि एकही माणूस हसत नव्हता. तेव्हा कळलं मला. घरापासून पन्नास पावलांवर, सगळ्या गावाबरोबर बसून, पाकळ्यांतून आईकडं बघताना.

हौसाकाकू उभ्या राहिल्या. ‘गुरुजी, ह्ये नाटक न्हाई,’ म्हणाल्या. अण्णाही उठले. क्षणभर मला वाटलं, ते घराकडं पळतील. ते म्हणाले, ‘नाटकच हाय, हौसाबाई. याला अभिनय म्हणतात. आमच्या मंडळींनी उत्तम अभिनय केलाय.’ आणि त्यांनी स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गुरुजी वाजवतात म्हटल्यावर गावानंही वाजवल्या. 

घरी आलो तर माय बाजेवर तशीच. अण्णा खुशीत होते, किंवा खुशीत असल्यासारखे. मला म्हणाले, ‘विशाखा, डायलॉग फार उत्तम लिहिलेस. विहिरीचा तर अप्रतिम. आण बघू वही.’ अण्णांनी मला तोपर्यंत एकदाही उत्तम म्हटलं नव्हतं. निबंधात पहिली आले तरी ऱ्हस्व-दीर्घ दाखवायचे. ते ‘उत्तम’ घेऊन गप्प बसावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं, लपवत नाही. मग मी म्हणाले, ‘अण्णा, ते मी लिहिले न्हाईत.’

‘मग मिलिंदनं?’

‘न्हाई. कोणीच न्हाई.’

त्यांनी माझ्या हातून वही घेतली, दिव्याखाली बसले आणि पेपर तपासावा तशी ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. रक्त पिणार वाचलं, विकट हास्य वाचलं. दहा पानं संपली तरी पुढची कोरी पानं उलटत राहिले, मागच्या पुठ्ठ्यापर्यंत गेले. ‘विहिरीचं कुठंय?’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ‘वहीत न्हाई, अण्णा. ते मायनं सांगितलं.’ त्यांनी परत पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला वाटतं, त्या दोनशे पानांत कुठंतरी ते वाक्य सापडावं म्हणून त्या माणसानं त्या वेळी काहीही दिलं असतं. दादा दारात उभा राहून रडत होता. शेवटी अण्णांनी वही मिटली, आत गेले आणि बाजेशेजारी खाली जमिनीवर बसले. ‘मिलिंदची माय,’ त्यांचा आवाज आला, ‘हिरीवर गेलतीस?’ ती म्हणाली, ‘हं.’ त्यानंतर मी अण्णांचं रडणं ऐकलं. पहिल्यांदाच. ते ऐकून मला भीती वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगते. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, काय होतंय, आणि अण्णा सांगायला लागले तर म्हणाल्या, ‘गुरुजी, तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या.’ गोळ्या सुरू झाल्या. महिनाभर काही फरक नाही, उलट माय दिवसभर झोपायची, आणि आम्ही तिघं पाळीपाळीनं घरी थांबायचो. दीड महिन्यानं एका दुपारी तिनं माझ्या भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, ‘कडा कच्च्या राहिल्यात.’ मला पुढं नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, पण तेवढा आनंद मला कशाचा झाला असेल असं वाटत नाही. तो आजार आयुष्यात आणखी दोनदा परत आला. दोन्ही वेळेला माय स्वतःच म्हणाली, चला, गोळ्या आणायला जाऊ. म्हातारी होऊन, नातवंडं खेळवून गेली. सायलीला ती कॅसेट हवी आहे. ती नाही. मायनंच दादाला सांगितलं होतं, ‘ते पुसून टाक, कोणाचं तरी लगीन भर त्याच्यावर.’ दादानं खरंच कोणाची तरी हळद भरली. त्या घरात अजून ती कॅसेट असेल, आणि त्यांना माहीत नसेल.

पण दवाखान्यापेक्षा मला फाटा जास्त आठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही केजच्या गाडीसाठी उभे होतो. बाजाराचा दिवस, त्यामुळं अर्धं गाव तिथंच, आदल्या संध्याकाळी टाळ्या वाजवलेलं. मायनं पदर नाकापर्यंत ओढला होता. कोणीतरी विचारलंच, ‘काय गुरुजी, सकाळच्या पारी सगळ्यांना घेऊन कुठं?’ सात महिन्यांचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. अण्णांनी माझ्या दंडाला धरून मला गप्प केलं. घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘अंबाजोगाईला. हिच्या मनाला आजार झालाय. काल टाळ्या वाजवल्या ते माझं चुकलं. डॉक्टरकडं न्यायलोय.’

मायनं पदराआडून त्यांची बाही ओढली. ‘हळू बोला की. लोकं ऐकायलेत.’

‘कावून हळू बोलू?’ अण्णा म्हणाले. ‘तुजा पाय मोडला असता तर हळू बोललो असतो का?’

तेवढ्यात गाडी आली आणि बाजारची गर्दी दाराकडं पळाली. आम्हाला काही जागा मिळायची नव्हती. हौसाकाकूंनी हातातली शेळीची दोरी माझ्या हातात कोंबली, खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि बाहेरूनच खिडकीतून आतल्या सीटवर फेकलं. मग दारातल्या माणसांना दोन्ही हातांनी बाजूला सारत त्या ओरडल्या, ‘सरका रं, वाट द्या. बाई आजारी हाय.’